गॉसिपचं साप्ताहिक मजा घेऊन कसं वाचायचं

गॉसिप मॅगझिन वाचायला शिकायचं काय त्यात, उघडलं की वाचलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आणि मग तेच लोक पाच मिनिटांत पानं फराफरा उलटतात, अंक टाकून देतात आणि म्हणतात काही दम नाही यात. दम असतो हो, पण ताजी बातमी मिळेल म्हणून वाचायला घेतलंत तर हाताला काही लागणार नाही, कारण कुणाचं ब्रेकअप झालं हे तुमच्या फोनवर चार दिवस आधीच येऊन गेलेलं असतं, अंक छापखान्यात जाणार मग स्टॉलवर येणार यात दिवस जातातच. साप्ताहिक वाचायचं ते चालू असलेली गोष्ट म्हणून. मागच्या आठवड्यात कुठवर आलं होतं, या आठवड्यात काय झालं, आता पुढं काय. हे एकदा जमलं की मग खरी मजा, आणि मला ही मजा मनापासून आवडते म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी मनातली लाज काढून टाका. लोक हे अंक लपवून वाचतात, कुणी विचारलं तर म्हणतात सहज समोर होता म्हणून चाळला. कशाला? माणसाला माणसांबद्दल बोलायला आवडतं, त्यात वाईट काय. रॉबिन डनबर नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या साध्या गप्पा ऐकून नोंदवल्या तर जवळपास दोन तृतीयांश वेळ लोक माणसांबद्दल, नात्यांबद्दल, कोण कुणाबरोबर आहे याबद्दलच बोलत होते. त्यांचं म्हणणं असं की माकडं एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचत बसतात, त्यातून त्यांची जवळीक टिकते, पण माणसांचे गट मोठे होत गेले आणि एवढ्या सगळ्यांना असा वेळ देणं शक्य राहिलं नाही, म्हणून बोलणं आलं. म्हणजे गप्पा हा माणसाचा फार जुना उद्योग आहे, साप्ताहिक फक्त त्याला विषय पुरवतं.

आता प्रश्न असा की ज्यांना आपण कधी भेटलोच नाही त्यांच्या संसारात आपला जीव का अडकतो. याचं उत्तर 1956 मध्येच हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी देऊन ठेवलंय, टीव्हीवरचा माणूस रोज आपल्याशी बोलल्यासारखा वाटतो आणि हळूहळू तो ओळखीचा होतो, त्याला आपण माहीतही नसतो पण आपल्या बाजूनं नातं तयार झालेलं असतं. पण मला त्याहून जास्त पटतं ते योके हर्मेस या डच अभ्यासक बाईंचं. त्यांनी 1990 च्या दशकात अशी मासिकं वाचणाऱ्या लोकांशी निवांत बसून गप्पा मारल्या, त्यांना नावं ठेवायला नाही तर त्यांना यातून काय मिळतं ते समजून घ्यायला. त्यांना दिसलं की काही वाचकांसाठी हे सगळे स्टार म्हणजे लांबचं कुटुंब असतं. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचा मुलगा वाया गेला, सगळं घरातल्यासारखं माहीत असतं आणि एकट्या माणसालाही आपलं मोठं खटलं आहे असं वाटतं. आणि दुसरं म्हणजे दुःखाची ओढ. एवढा पैसा, एवढं रूप, तरी नवरा सोडून गेलाच, हे वाचताना आपल्या आयुष्यावरचा राग थोडा निवतो. मला यात काहीही हलकं वाटत नाही. स्वतःची घटस्फोटाची गोष्ट कुणाशी बोलता येत नाही अशी बाई एखाद्या अभिनेत्रीच्या घटस्फोटावर तासभर बोलू शकते, आणि त्या तासात ती स्वतःबद्दलही बरंच बोलून जाते.

बरं, आता प्रत्यक्ष वाचायचं कसं.

सगळ्यात आधी कुठलं साप्ताहिक कशा जातीचं आहे ते ओळखायचं, कारण सगळी सारखी नसतात आणि एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केली की विरस होतो. एक जात म्हणजे स्टारच्या संमतीनं निघणारी. स्पेनमधलं ओला हे 1944 मध्ये बार्सिलोनात सुरू झालं, त्याच घराण्यातलं हॅलो 1988 मध्ये ब्रिटनमध्ये आलं. यात राजघराणी, मोठाले बंगले, नवीन बाळासोबत सोफ्यावर बसलेलं जोडपं, सगळे हसताहेत, सगळीकडं फुलं. इथं भांडण शोधू नका, इथं पडदे आणि सोफे बघायचे, कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते बघायचं. दुसरी जात अमेरिकेतल्या पीपलसारखी, मार्च 1974 मध्ये आलं, पहिल्या कव्हरवर अभिनेत्री मिया फॅरो होती. यात अर्ध्या स्टारच्या गोष्टी आणि अर्ध्या साध्या माणसांच्या, आणि मोठ्या घोषणा स्टार स्वतःहून इथं करतात, म्हणून यातलं बरंचसं खरं निघतं. तिसरी जात अस वीकली, हीट यांच्यासारखी, चटपटीत, फोटोंनी भरलेली. अस आधी 1977 पासून वेगळ्या रूपात होतं, 2000 मध्ये साप्ताहिक झालं, आणि थोड्याच काळात त्यात ते प्रसिद्ध सदर आलं ज्यात स्टार लोक किराणा घेताना, गाडीत पेट्रोल भरताना, बुटाची नाडी बांधताना दिसतात, तेही आपल्यासारखेच आहेत म्हणून. माझ्या मते गॉसिप साप्ताहिकांच्या इतिहासातली ही सगळ्यात हुशार कल्पना, कारण आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं, रेड कार्पेटवरची बाई ट्रॉली ढकलताना कशी दिसते. आणि चौथी जात म्हणजे निव्वळ सनसनाटीवाली, जिथं दर आठवड्याला कुणीतरी गरोदर असतं आणि कुणाचं तरी लग्न मोडायच्या बेतात असतं. तीही वाचावीत, पण कशी ते पुढं सांगते.

अंक हातात आला की कव्हर स्टोरीवर उडी मारू नका, सगळे तेच करतात आणि मग बाकीचा अंक फिका वाटतो. मी सुरुवात मागून करते. मागची छोटी पानं, कपडे कुणाला जास्त शोभले वगैरे, मग मधले एका परिच्छेदाचे तुकडे, कोण कुठं जेवताना दिसलं, कोण कुणाच्या पार्टीला गेलं नाही. खरा माल या तुकड्यांत असतो बरं का. आज ज्याला चार ओळी मिळाल्यात त्याचीच दोन महिन्यांनी कव्हर स्टोरी होते, आणि तुम्हाला ते आधीच माहीत असतं, हा आनंद वेगळाच. कव्हर स्टोरी शेवटी, निवांत, चहा घेऊन.

पण कव्हर मात्र आधी नीट बघायचं, वाचायचं नाही, बघायचं. एक टिपिकल कव्हर डोळ्यासमोर आणा. मधोमध जोडपं, पण तो फोटो एकत्र काढलेला नसतोच, दोघांचे दोन वेगळे फोटो शेजारी लावलेले असतात आणि मधून कागद फाटल्यासारखी वाकडी पांढरी रेघ. तिचा चेहरा खाली झुकलेला, तो नेमका पापणी मिटायच्या क्षणी टिपलेला असतो, तिला त्या वेळी रडू येत होतं की ऊन लागत होतं देव जाणे. त्याच्या डोळ्यांवर गॉगल. वरती पिवळ्या अक्षरांत चार शब्द, आणि त्या चार शब्दांनंतर काय आहे तिकडं लक्ष द्या. प्रश्नचिन्ह असेल तर समजायचं आतल्या पानांत उत्तर नाही. अवतरणचिन्ह असेल तर ते वाक्य कोण बोललं ते आत जाऊन शोधायचं, दहातल्या आठ वेळा ते त्या नटीनं नाही तर तिच्या कुठल्यातरी मैत्रिणीनं बोललेलं असतं. कोपऱ्यात गोलातला छोटा फोटो, त्यात तिसरी व्यक्ती, आणि तिच्याकडं जाणारा बाण. एवढ्या मजकुरात अख्खी गोष्ट सांगून झालेली असते, प्रेम, दगा, दुसरी बाई, आणि यातलं एकही वाक्य कोर्टात खोटं म्हणता येणार नाही अशा बेतानं बसवलेलं असतं. मला ही कारागिरी खरंच थोर वाटते. कव्हर करणाऱ्या माणसाला तीन सेकंदांत आपला हात अंकाकडं वळवायचा असतो.

कव्हरवर कोण येणार याचेही हिशेब असतात. पीपलचे पहिले संपादक रिचर्ड स्टॉली यांनी त्याचे आडाखेच करून ठेवले होते, म्हाताऱ्यापेक्षा तरुण बरा, गरिबापेक्षा श्रीमंत बरा, सिनेमापेक्षा संगीत आणि संगीतापेक्षा टीव्ही बरा, आणि राजकारणापेक्षा काहीही बरं. पुढं त्यात भर पडली की नुकत्याच गेलेल्या स्टारपेक्षा जास्त काहीच खपत नाही. हे आडाखे डोक्यात ठेवून स्टॉलवरची कव्हरं बघा, या आठवड्यात हीच का आणि ती का नाही ते लगेच कळायला लागतं.

आता आतला मजकूर. इथं सूत्रांची भाषा ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं. स्टारच्या प्रवक्त्यानं नावानिशी सांगितलं असेल तर ती अधिकृत गोष्ट. जोडप्याच्या जवळची व्यक्ती म्हणाली असं असेल आणि ती व्यक्ती फक्त एकाचंच कौतुक करत असेल तर बहुतेक ते त्याच्याच टीमकडून आलेलं असतं, हे वाचताना स्वतःला एवढंच विचारायचं, हे छापून आल्यानं फायदा कुणाचा. घटस्फोटाच्या वेळी तर हा खेळ बघण्यासारखा असतो, एका साप्ताहिकात तो किती प्रेमळ बाप आहे आणि दुसऱ्यात ती कशी खंबीरपणे उभी आहे, दोन्ही एकाच आठवड्यात, दोन अंक शेजारी ठेवून वाचले की दोन्हीकडच्या पीआरवाल्यांचं, म्हणजे प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांचं, भांडण समोर दिसतं. तिसरा प्रकार म्हणजे नुसतं एक सूत्र, ना नाव ना गाव, त्यावर एखादा देहबोलीचा तज्ज्ञ ज्यानं त्या दोघांना फक्त फोटोत पाहिलंय. असा मजकूर कथा म्हणून वाचा, रंगवून लिहिलेला असतो, मजा येते, फक्त पुढं कुणाला सांगताना खरं म्हणून सांगू नका.

फोटोंचंही तसंच. पानाच्या कडेला एकदम बारीक अक्षरांत फोटो एजन्सीचं नाव असतं, ते वाचायची सवय लावा. आणि कपडे बघा. पान दोनवर निळा शर्ट, पान पाचवर तोच निळा शर्ट, केस तसेच, हातात तोच कप, पण मजकूर म्हणतो की आठवडाभर ते दोघं वेगवेगळ्या ठिकाणी भांडताना दिसले, तर हे एकाच दुपारचे पाच फोटो आहेत हे तुम्हाला कळलं. केसांची लांबी तर फारच उपयोगी, आत्ताच्या गोष्टीला दोन वर्षांपूर्वीचा उदास फोटो लावलाय हे केसांवरून पकडता येतं. समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो फारच नेटका, उजेड छान, दोघं कॅमेऱ्याच्या बाजूला वळलेले, कुणीही चिडलेलं नाही, तर फोटोग्राफरला आधी कल्पना दिलेली असणार असं धरून चाला. यात फसवणूक झाली म्हणून रागावू नका, त्यांना आपल्याला काय दाखवायचंय ते समजलं ना, तीच तर बातमी.

आणि आपण जे बघतो त्यामागं पैसा किती असतो तेही माहीत असावं. 1999 मध्ये फुटबॉलपटू डेव्हिड आणि गायिका व्हिक्टोरिया बेकहॅमच्या लग्नाचे फोटो ओके या साप्ताहिकाकडं होते, दोघं राजाराणीसारखे सिंहासनांवर बसलेले, ते फोटो आजही लोकांना आठवतात. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनेमातले मायकेल डग्लस आणि कॅथरीन झीटा-जोन्सचं न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात लग्न झालं, ओकेनं त्याच्या फोटोंसाठी दहा लाख पौंड मोजले, आणि एक फोटोग्राफर गुपचूप आत शिरला अन् त्याचे फोटो हॅलोनं छापले. मग सुरू झाली कोर्टबाजी, ती थेट 2007 पर्यंत हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टात गेली आणि ओके जिंकलं. गंमत म्हणजे लग्न ज्यांचं त्यांना भरपाई मिळाली सगळी मिळून 14,600 पौंड आणि साप्ताहिकाला दहा लाखांवर. लग्नातला गुपित ठेवलेला क्षण हा सुद्धा विकत घेतलेला माल असतो आणि कायदा त्याला संरक्षण देतो, हे मला या प्रकरणातून जेवढं स्पष्ट कळलं तेवढं दुसऱ्या कशातून कळलं नाही.

चालू गोष्ट पकडायची म्हणजे काय करायचं, तर सगळ्यांना फॉलो करू नका, दोन किंवा तीन गोष्टी निवडा आणि त्यांच्या मागं राहा. अभिनेत्री जेनिफर ॲनिस्टनची गोष्ट ज्यांनी पहिल्यापासून वाचली त्यांना विचारा. जानेवारी 2005 मध्ये नवरा ब्रॅड पिटपासून वेगळं होण्याची घोषणा, त्याच वसंत ऋतूत केनियाच्या किनाऱ्यावर पिट आणि अँजेलिना जोलीचे फोटो, मग लोकांनी टी-शर्ट घातले, टीम ॲनिस्टन आणि टीम जोली. त्यानंतर वर्षानुवर्षं साप्ताहिकांनी तिला जवळजवळ कायमच गरोदर ठेवलं, पोटाचा जरा वेगळ्या कोनातून फोटो आला की लगेच बाण. शेवटी जुलै 2016 मध्ये तिनं स्वतः लेख लिहिला की मी गरोदर नाही, मला या सगळ्याचा उबग आलाय, आणि बाईला पूर्ण व्हायला नवरा किंवा मूल लागत नाही. अकरा वर्षं गॉसिप वाचत आलेल्या माणसाला तो लेख ज्या ताकदीनं लागला तसा तो नुसता लेख वाचणाऱ्याला लागूच शकत नाही, कारण प्रत्येक बाण आपण पाहिलेला होता. दर आठवड्याला वाचण्यातून हे मिळतं, एक माणूस दहा-पंधरा वर्षं डोळ्यासमोर बदलत जातो, आणि त्याच्याबद्दल छापणारेही बदलतात.

यावरूनच पुढचा मुद्दा, काय वाचायचं नाही. मी याबाबत कडक आहे. लहान मुलांचे चोरून काढलेले फोटो मी बघत नाही. हॅली बेरी आणि जेनिफर गार्नर या अभिनेत्रींनी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळापुढं जाऊन सांगितलं की फोटोग्राफर शाळेबाहेर कसे थांबतात, पोरं कशी घाबरतात, त्यानंतर 2013 मध्ये तिथं कायदा कडक झाला, आणि 2014 मध्ये पीपलनं असे फोटो घेणं बंद केलं. वाचकांनी पान उलटलं की हे होतं, म्हणून उलटा. वजनाच्या गोष्टीही सोडून द्या, कुणी किती किलो वाढली, मांडीवर गोल केलेला, हे वाचून आपल्याला आपल्याच शरीराची लाज वाटायला लागते आणि बहुतेक वेळा मजकूर खोटा असतो. अभिनेत्री केट विन्स्लेटबद्दल ग्रॅझिया या साप्ताहिकानं छापलं की ती वजनासाठी डॉक्टरकडं गेली, ते खोटं होतं, 2007 मध्ये त्यांना माफी मागून भरपाई द्यावी लागली. आजारपण, व्यसन, मन ढासळलेलं, यातही जपून. 2007 मधल्या गायिका ब्रिटनी स्पिअर्सच्या कव्हरांचा गठ्ठा आज समोर ठेवला तर वाचवत नाही. 2011 मध्ये स्टार नावाच्या साप्ताहिकानं अभिनेत्री केटी होम्सच्या कव्हरवर ड्रग्जचा इशारा केला आणि नंतर जाहीर माफी मागितली. ऑस्ट्रेलियात अभिनेत्री रेबेल विल्सननं वूमन्स डे या साप्ताहिकाच्या प्रकाशकांवर खटला भरला, तिच्या वयाबद्दल आणि बालपणाबद्दल ती खोटं बोलते असं छापलं होतं, ज्युरीनं 2017 मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला आणि कोर्टानं पंचेचाळीस लाख डॉलर ठरवले, पुढं अपिलात ते सहा लाखांवर आले. अशी प्रकरणं माहीत असली की सनसनाटीवालं साप्ताहिक हातात घेताना आपोआप हात जरा सावध राहतो. वाचा, पण त्यातल्या माणसाचं नाव काढून आपल्या बहिणीचं नाव घाला आणि मग बघा वाचवतंय का. वाचवत असेल तर पुढं चला.

आणि एकट्यानं वाचू नका. म्हणजे वाचा एकट्यानं, पण बोलायला कुणीतरी पाहिजेच, त्याशिवाय अर्धी मजा वाया. मैत्रीण, मावशी, ऑफिसातली शेजारी, कुणीही. तिच्याशी पैज लावा, हे जोडपं कायमचं वेगळं होणार की एकत्र येणार, कोण आधी मुलाखत देणार. यातून माणसं कळतात हो. जी मैत्रीण दर वेळी नवऱ्याची बाजू घेते ती का घेते, जिला दुसऱ्या बाईबद्दल वाईट वाटतं तिला का वाटतं, असल्या गोष्टी थेट विचारून कधी कळत नाहीत. सासू-सून एकमेकींशी धड बोलत नाहीत पण राजघराण्यातल्या सुनेवरून मात्र तासभर रंगतात, असं मी बघितलंय, आणि शेवटी कोण कुणाला काय सांगत होतं ते दोघींनाही बरोबर कळलेलं असतं.

शेवटचं, जुने अंक रद्दीत घालू नका, निदान तुम्ही निवडलेल्या दोन-तीन गोष्टींचे तरी. कव्हरवर पेननं बारीक लिहून ठेवा तुम्हाला काय वाटलं होतं, टिकणार की मोडणार, खरं की पीआर. दोन-तीन वर्षांनी काढून बघा आणि त्यातलं कुठलं सूत्र खरं बोलत होतं ते तपासा. कुठल्या साप्ताहिकाच्या आतल्या बातम्या खऱ्या निघतात हे असंच कळतं, मग पुढचे पैसे त्याच अंकावर घालायचे आणि बाकीचे स्टॉलवर उभं राहून नुसती कव्हरं बघून सोडून द्यायचे.